बारा खिशांचं कापड

संघप्रिया मॅडम आमच्या शाळेत हजर झाल्या तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी शाळेच्या ओट्यावर बसून होतो. तसा मी रोजच असतो. घरी सून म्हणते, "बाबा, तुमी बोलत राह्यले का माह्यी भाजी लागते बुडाले." म्हणून मी ओटा धरला. मी तिथं सारखा दिसतो म्हणून गावानं मला शाळा समितीचा अध्यक्षही करून टाकलं. शिक्षण माझं सातवी. चौथीपर्यंत ह्याच शाळेत, पुढं चामोर्शीला.

तर मॅडमनं स्कूटी उभी केली, हेल्मेट काढलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "भाऊ, पाणी आहे का?" पाणी दिलं. दुसरं वाक्य, "पोरं किती?"

"बावीस जी," मी म्हटलं. "पण त्यातले नऊ नाल्याच्या पल्याडचे."

"म्हणजे बावीसच ना?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आमचं गाव चामोर्शीपासून अठरा किलोमीटर. नाल्याच्या अलीकडे आम्ही धान लावणारे, पल्याड गोंड लोकांचा टोला, वीसेक घरं. शाळा अलीकडे आहे. आमची सगळ्यांची बोलायची सवय अशी, की "गावचे एवढे आणि टोल्याचे तेवढे." सहा वर्षं झाली, पोरं बदलली, आकडे तेच राहिले; पण मॅडमच्या तोंडून अशी मोजणी मी कधी ऐकली नाही.

त्या चामोर्शीत खोली करून राहतात. नवरा बल्लारपूरला कारखान्यात कंत्राटावर, मुलगी तिथंच आजीपाशी शिकते. शनिवारी शाळा सुटली का बस धरून तिकडे, सोमवारी पहाटे परत. आमच्या रस्त्यावर चार किलोमीटर जंगलपट्टा आहे, तिथं वाघीण पिल्लं घेऊन फिरते. म्हणून सकाळी मॅडम फाट्यावर थांबतात, दूधवाल्याची गाडी आली का तिच्या मागं स्कूटी घालतात. दूधवाला उशिरा आला तर त्या उशिरा. मग मोबाईलवर विचारणा, उशीर का? त्या लिहितात, दूध.

कागदावर आमच्या शाळेला शिक्षक दोन. दुसरे सर वर्षातले आठ महिने कोणत्या ना कोणत्या ड्युटीवर. म्हणजे वर्ग चार, मॅडम एक, आणि तो मोबाईल म्हणजे पाचवा वर्ग. खिचडी शिजली, फोटो टाका. पोरांनी हात धुतले, फोटो टाका. एकदा नेटवर्क शोधत मॅडम पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढल्या. मी खालून ओरडलो, "मॅडम, उतरा जी, पोट्टे पाहून राह्यले, शिकतीन हे!"

"शिकू द्या भाऊ," वरून आवाज आला. "पुढं नोकरीत कामी येईल."

हसून बोलल्या, पण उतरल्यावर पाच मिनिटं भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाईचं वय एक्केचाळीस. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी पाहिली तेव्हापासून आहेत. मॅडम कधी बसलेल्या दिसल्या तर पोरं विचारतात, "मॅडम, आज सुट्टी आहे का?"

नागभीडच्या त्या. वडील रेल्वेत गँगमन, छोट्या लाइनीवर. एकदा त्यांनी मला त्यांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली; माझ्या शंभर गोष्टींवर त्यांची एक, पण अशी की मी ती चार गावांत सांगितली. पहिली शाळा मिळाली ती एटापल्लीकडे, पार आत. पुस्तकात धडा आगगाडीचा. पोरांनी आगगाडी पाहिलेली नाही. मॅडम गँगमनची पोरगी! त्यांनी खडूनं अख्ख्या वर्गाच्या फरशीवर गाडी काढली, डबे काढले, पोरांना डब्यांत बसवलं, स्वतः इंजिन झाल्या. शिट्टी मारली. गाडी चालली. आणि एक पोट्टा मागच्या डब्यातून उठला न् म्हणाला, "मॅडम, गाडीतले लोक मुतायले कुठी जातात?"

"मग तुमी काय सांगतलं?" मी विचारलं.

"मग काय भाऊ. त्या प्रश्नावर चार दिवस गेले. पाणी कुठून येतं, कुठं जातं, एका डब्यात माणसं किती, प्रत्येकाला लोटाभर पाणी धरलं तर टाकी केवढी. भाषा झाली, गणित झालं, आरोग्य झालं. चार दिवस एकही पोरगं गैरहजर नव्हतं."

"वा! न् परीक्षेत?"

"परीक्षेत विमान आलं."

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली होती. वर्षाचं शिकवणं असं मांडायचं की पुस्तकही सुटू नये आणि पोरगंही सुटू नये. पोराच्या रोजच्या जगण्यातली एक वस्तू धरायची आणि तिच्यावरून सगळं काढायचं. आमच्या शाळेत आल्यावर त्यांनी तसे कागदाचे तक्ते दोनदा केले. दोन्ही वेळा उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळवीनं खाल्ले. मी म्हटलं, "मॅडम, तुमचा अभ्यासक्रम वाळवीले लय आवडला." त्या हसल्या नाहीत. मग मीही हसलो नाही.

गेल्या वर्षी जूनमधे त्यांनी कापड आणलं. पांढरं मांजरपाट, चादरीएवढं. चामोर्शीचे नूर मोहम्मद टेलर, ज्यांच्याकडे आमच्या शाळेचे गणवेश शिवले जातात, त्यांच्याकडून त्याच्यावर बारा खिसे शिवून घेतले होते. प्रत्येक खिशावर महिन्याचं नाव. खिशात चिठ्ठ्या. एका चिठ्ठीत एक वस्तू, जसं की धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं, नाल्यातली मासोळी, बांबू, मोहाचं फूल. आणि त्या वस्तूखाली पाच ओळी. काय वाचायचं, काय मोजायचं, हातानं काय करायचं, अंगानं काय खेळायचं, काय ऐकायचं न् सांगायचं. टोल्यातली पोरं गोंडीत सांगतील, गावची आपल्या बोलीत, आणि मग पुस्तकातल्या मराठीत. सगळ्यांत खाली एक लाल ठिपका.

"हा ठिपका कायचा जी?"

"हा दिव्यानीचा."

दिव्यानी टोल्यातली. तिसरीत. कानानं फार कमी. शिबिरात तिला कानातलं यंत्र मिळालं होतं, पण ते घातलं का डोक्यात माशा घोंगावतात असं ती हातानं दाखवते, म्हणून ते डब्यात. आई-बाप नाहीत, आजी रुखमाबाई सांभाळते. दिव्यानीची मोठी बहीण दुसरीतूनच घरी बसली, ती आता बकऱ्यांमागं. तर लाल ठिपका म्हणजे काय, तर त्या धड्यात दिव्यानी डोळ्यांनी आणि हातांनी काय करेल ते आधी ठरवून ठेवायचं. मग बाकीचं. ह्या ठिपक्यांनी अशी गंमत केली की दिवाळीपर्यंत चौथीतला सुरज रडायला लागला, "माह्या ठिपका काऊन नाई?" शेवटी मॅडमनं त्याला निळा दिला.

दिव्यानीचं म्हणाल, तर त्या वर्षी ती तराजूची मालकीण झाली. शाळेतला जुना तराजू, वजनं म्हणून नाल्यातले गोटे. तोलायचं काही असलं का ती सगळ्यांना बाजूला सारून उभी राहायची. पारडं बरोबर आलं का टाळी वाजवायची. स्वतःची टाळी तिला ऐकू येत नसेल, पण हाताला कळत असेल. तोवर मागच्या भिंतीशी बसणारी पोरगी वर्गाच्या मधोमध उभी राहायला लागली.

आता माझी चूक सांगतो. ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

जूनमधेच समितीची सभा झाली. टोल्यातर्फे सदस्य रुखमाबाई, पण ती त्या दिवशी पऱ्हे टाकायला गेलेली. मॅडमनं कापड भिंतीवर लावलं आणि एकेक खिसा वाचून दाखवला. मार्च आला. "मार्च, कैरी. मोजायची, तोलायची, चाखायची. भाऊ, तुम्ही इथले जुने. ह्याच्यात काही चुकतं का?"

कैरी म्हटल्याबरोबर मला माझे गुरुजी आठवले! मी सुरू केलं, "अवो मॅडम, आमच्या गुरुजीनं टेबलावर दहा कैऱ्या ठेवल्या न् म्हणाले, ह्यातून तीन गेल्या तर राह्यल्या किती? न् गुरुजी फळ्याकडं वळले. मी पहिल्या बाकावर. ते वळेवळेपर्यंत मी..." तेवढ्यात ग्रामसेवक सही घ्यायला आला आणि गोष्ट तुटली. पण मला एवढा हुरूप आला होता की मी म्हटलं, "काई चुकत नाई जी! कैऱ्या माह्याकडून. माह्या वावराच्या धुऱ्यावर झाड हाये, टोपलंभर आणतो." सभेच्या ठरावावर सही केली. रुखमाबाईचा अंगठा घ्यायला कागद टोल्यात कोणी नेला? मीच. वाचून दाखवला? नाही. नाल्यापाशी मासे धरणारे दिसले, त्यांच्याशी बोलण्यात सांज झाली होती.

मार्च संपत आला. सकाळची शाळा सुरू झालेली. मी शब्दाप्रमाणं टोपलं नेलं. एकशे अठरा कैऱ्या. पोरांनी दहा-दहाचे ढीग केले, आठ उरल्या. दिव्यानीनं ढीग तोलले. कापलेल्या खापांची रांगोळी झाली, कैरीचं चित्र झालं. मग कलाबाईनं, जी खिचडी शिजवते तिनं, तिखट-मीठ आणलं आणि फोडी केल्या.

टोल्यातली चौथीतली पोरगी गोंडीत काहीतरी बोलली. टोल्यातल्या पोरांनी हात मागं घेतले. मॅडमना वाटलं, लाजतात. मला काही वाटलंच नाही, मी कलाबाईला आंबट वरणाची गोष्ट सांगत होतो. दिव्यानी तराजूपाशी, पाठ ह्यांच्याकडे. तिनं फोड उचलली आणि दाताखाली धरली. असं तोंड केलं तिनं की सगळा वर्ग हसला! तीही हसली, दुसरी उचलली. तिला पाहून टोल्यातल्या पहिलीच्या दोघांनी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी टोल्यातलं एकही पोरगं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"भाऊ, टोल्यात काही कार्य आहे का?" मॅडमनं विचारलं.

"नाई जी, कार्य तर अजून..." मी म्हटलं, आणि तिथंच माझी जीभ टाळूला लागली.

टोल्यात नवं फळ आलं का ते आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचं, मग माणसानं खायचं. त्या कार्याला पंडुम म्हणतात. आंब्याचा पंडुम होईपर्यंत तिथलं माणूस कैरीला दात लावत नाही. आम्ही गाववाले होळीपासून कैरीची चटणी वाटतो, आम्हाला ते बंधन नाही. पण मला माहीत नव्हतं असं नाही. पन्नास वर्षं मी त्या पंडुमला जाऊन जेवतो.

मी सगळं सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "जूनमधे मी विचारलं होतं."

"जूनमधे मी गोष्ट सांगून राह्यलो होतो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तेरा पोरांची हजेरी लावली, वही मिटली.

"मॅडम," मी म्हटलं, "तेरावर पट आला तर ही शाळा ठेवतीन का वरचे लोक?"

"शाळेचं मग पाहू. दिव्यानी एकदा बकऱ्यांमागं गेली तर पुन्हा येणार नाही. बहीण आली का?"

शाळा सुटल्यावर दुपारी आम्ही टोल्यात गेलो. ऊन असं की नाल्याची वाळू चपलेतून भाजत होती. मॅडमच्या पिशवीत ते कापड होतं. कशाला घेतलं ते मी विचारलं नाही. लालसूभाऊ अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसलेला. लालसू टोल्याचा गायता, गावपूजा त्याच्या हातची. शेजारी रुखमाबाई. दिव्यानी पल्याड मोहफुलं वाळत घालत होती. मॅडम दिसल्याबरोबर तिनं दोन्ही हात तराजूसारखे केले, एक वर, एक खाली. मॅडमनं हात वर केला, पण पुढं गेल्या नाहीत.

"या जी मॅडम," लालसू म्हणाला. "या अध्यक्ष. आज मुके काऊन?"

मी खाटेच्या कडेला बसलो.

"चूक माझी झाली, लालसूभाऊ," मॅडम म्हणाल्या. "पोरांची नाही."

"पोट्ट्यायची कोण म्हणते? पण पोट्टीनं नवं खाल्लं, पंडुम झाला नाई. आता टोल्यात कोणाची बकरी मेली, कोणाले ताप आला, तरी लोक ह्या पोरीकडंच पाहतीन. तिचंच नाव निघन. म्हणून म्हटलं, घरी राहू द्या."

रुखमाबाई मान वर न करता म्हणाली, "तिले ऐकू येत नाई जी. बाकीच्या पोट्ट्यायले समजलं, खाऊ नाई म्हणून. हिले कसं समजन? रोज कोण सांगन? बकऱ्या चारायले कान लागत नाई."

मॅडमनं सगळ्या चिठ्ठ्यांवर दिव्यानीसाठी ठिपका काढला होता, आणि त्याच कापडापायी ती सगळ्यांत आधी अडकली होती. त्या खाली मातीत बसल्या आणि कापड उलगडलं.

"हे काय, चादर?" लालसूनं विचारलं.

"वर्ष आहे."

"कोणाचं?"

"शाळेचं."

लालसूनं कामटीच्या टोकानं खिसे मोजले. "बारा. आंबा कोणत्यात?"

"मार्चच्या."

"त्याले कोणं सांगतलं, मार्चात ये म्हणून? मागच्या साली लवकर होता, औंदा बहारच उशिरा धरला. न् पंडुम कोणत्यात?"

"पंडुम नाही."

"काऊन नाई?"

"मला माहीत नव्हतं, भाऊ."

"मंग इचारलं काऊन नाई?"

माझं नाव मॅडमच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. त्यांनी ते घेतलं नाही. मी सत्तर पावसाळे पाहिले, गप्प बसणं मला कधी जमलं नाही, पण त्या दिवशी बोलणं जड गेलं.

"इचारलं होतं, लालसू. मले इचारलं होतं. आंबेही माह्येच, माह्या धुऱ्यावरचे. न् रुखमाबाई, तुह्या अंगठा घेतला तो कागद मीच आणला होता. वाचून नाई दाखवला."

लालसूनं कोयती खाली ठेवली. "म्हणजे पन्नास वर्षं तू आमचा पंडुम फुकटच खाल्ला."

"फुकटच."

"कोंबडा लागन."

"कोणाचा?"

"ज्याचं झाड त्याचा. पंडुमच्या दिवशी देवाले तुह्या कोंबडा, न् ह्या तिघाय पोट्ट्यायनं सगळ्यायसमोर पुन्हा पहिल्यानं खायचं. मंग कोणी काई बोलणार नाई. तंवर टोल्याचे सगळेच घरी."

"पंडुम कधी?" मॅडमनं विचारलं.

"आंब्याले कोय धरू द्या. मंग बसू, मंग सांगू."

"साधारण तारीख?"

"तारीख असती तर तुमच्या खिशात नसती का, मॅडम?"

परत येताना नाल्यात त्यांनी कापडाची पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाल्या, "खिसे शिवायलाच नको होते."

त्याच आठवड्यात त्या नूर मोहम्मदांकडे गेल्या. मला सोबत नेलं, माझं चष्म्याचं काम होतं. नूर मोहम्मदांनी कापड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "मॅडम, जूनमधे तुम्हीच म्हणाल्या, पक्की सिलाई मारा, दहा साल निघालं पाहिजे. दुहेरी मारली. आता उसवायला बसलो तर दुपार जाईल माझी."

"जाऊ द्या. खिसे सुटे पाहिजेत. पुढं-मागं सरकले पाहिजेत."

"साल कुठं सरकतं का मॅडम?"

"आमच्या रमजानसारखं," आतून हाजराबी म्हणाली, नूर मोहम्मदांची बायको, पोरांच्या शर्टांना काजं करत बसलेली. "दरसाल सरकतो, तरी ह्यांना समजत नाही." आणि तिनंच तोडगा काढला. खिशांच्या तोंडाला बटणं, कापडावर काजांच्या तीन ओळी. खिसा काढा, पाहिजे तिथं लावा. महिन्यांची नावं गेली. काजं करायला तिला चार दिवस लागले.

पुढचे तीन आठवडे मी मॅडमना पाहत होतो. सकाळी सात ते साडेदहा तेरा पोरांची शाळा. मग डबा न उघडता नाला ओलांडून टोल्यात, लालसूच्या अंगणातल्या चिंचेखाली नऊ पोरं. ती शाळेत येत नव्हती, पण चिंचेखाली बसायला बंदी नव्हती. लालसूला विचारून घेतलं होतं. आता प्रत्येक गोष्ट विचारून. मोह कधी सरतो, बी कधी पेरतात, कोणत्या दिवशी कोणतं झाड तोडत नाहीत. लालसू एक सांगायचा, दोन राखायचा. "सगळं आजच नेता का मॅडम? पुढच्या साली काय इचारान?" दिव्यानी पहिले दोन दिवस जवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी करवंटीचा तराजू करून घेऊन आली.

बेचाळीस डिग्रीत स्कूटीची सीट तव्यासारखी. वरून फोन, हजेरी कमी का? त्यांनी खरं लिहिलं. उत्तर आलं, कारण योग्य नमुन्यात भरा. नमुन्यात ताप होता, लग्न होतं, स्थलांतर होतं. पंडुम नव्हता. त्यांनी "इतर" वर खूण केली.

"मॅडम, बदली मागा जी," मी एक दिवस म्हटलं. "बल्लारपूरकडं. पोरीपाशी तरी राहाल."

"मागितली आहे, भाऊ. तीन वर्षांपासून." मग हेल्मेट उचलत, "मिळाली तर हे कापड कोण वाचेल, ह्या काळजीनंही झोप येत नाही. नाही मिळाली तर, त्याही काळजीनं."

पंडुम शनिवारी ठरला. आदल्या दिवशी सांगावा आला. मॅडमनं ओट्यावरून बल्लारपूरला फोन लावला. पलीकडे मुलगी असावी. "उद्या नाही गं बाळा. परवा येते. नाही, परवा नक्की नाही. बघते." फोन ठेवला आणि तोंडावर पाणी मारलं.

शनिवारी मी माझा लाल कोंबडा काखेत मारून नाला ओलांडला. हा कोंबडा म्हणजे आमच्या गल्लीचा जमादार. ग्रामसेवकाच्या घोट्याला दोनदा चोचलेला. लालसूनं त्याला पाहिलं न् म्हणाला, "देव इनोद समजतीन, आणा." देवाच्या जागी पूजा झाली. आम्ही अंतरावर बसलो. मॅडमचं डोकं मधूनच खाली जायचं, मग दचकून वर यायचं.

मग लालसूनं तिन्ही पोरांना पुढं बोलावलं. सगळा टोला उभा. पहिलीच्या दोघांनी झटकन खाल्लं. दिव्यानीच्या हातावर फोड ठेवली, पण ती खाईना. एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिली, आजीकडे, त्या चौथीतल्या पोरीकडे, मॅडमकडे. ह्या वेळी ती खात्री करून घेत होती. नऊ वर्षांच्या पोरीनं एवढी सावध व्हावं हे मला काही बरं वाटलं नाही. शेवटी लालसूनंच आपल्या हातातली फोड तिच्यासमोर खाल्ली, तोंड वाकडं केलं. तेव्हा तिनं खाल्ली. कोणी हसलं नाही. मग एक बाई हसली, मग सगळे.

रुखमाबाई निघताना मॅडमना म्हणाली, "पाठवतो सोमवारी. पण पुन्हा असं काई झालं तर मंग नाई जी."

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. होणार नाही असं म्हणाल्या नाहीत.

सोमवारी नऊपैकी सात आले. दोघे भाऊ आईसोबत मामाच्या गावी मोह वेचायला गेलेले, आता पावसाळ्यातच येतील. मॅडमनं त्यांच्या राहिलेल्या धड्यांच्या चिठ्ठ्या एका खिशात घातल्या आणि तो खिसा काढून पावसाळ्यासाठी खालच्या ओळीत लावला. दिव्यानी उशिरा आली. कोणाकडे न पाहता सरळ तराजूपाशी गेली, पारडी पुसली.

साडेनऊला कलाबाईनं खिचडी वाढली. पोरं ओळीत बसली. मॅडम दाराशी खुर्चीवर बसल्या. बसल्या, हे मी मुद्दाम सांगतो. मी ओट्यावर. त्या म्हणाल्या, "भाऊ, जूनमधली तुमची गोष्ट अर्धीच राहिली. गुरुजी फळ्याकडे वळले, मग?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दहा महिने ती गोष्ट माझ्या पोटात होती. मी पुढं सरकून सुरू केलं, "मंग जी, मी पहिल्या बाकावर. गुरुजी वळेवळेपर्यंत मी सात कैऱ्या खाल्ल्या. सात! कोया चड्डीच्या खिशात. गुरुजी फिरले, टेबलावर पाह्यलं, न् हातातली छडी अशी वर..."

मी छडी दाखवायला हात वर केला आणि पाहिलं, तर मॅडमची मान खांद्यावर कललेली. तोंड थोडं उघडं. हातात पेन तसाच.

कलाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. पोरांची ताटं वाजायची थांबली. तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल घरघरायला लागला, खिचडीचा फोटो पाहिजे असणार. दिव्यानी टेबलाला टेकून जेवत होती. आवाज तिला गेला नाही, पण टेबल थरथरलेलं हाताला कळलं. तिनं मॅडमकडे पाहिलं, मोबाईल उचलला, भिंतीवरच्या कापडापाशी गेली आणि एका रिकाम्या खिशात तो टाकून वरचं बटण लावून टाकलं.

माझा हात अजून वरच होता. गुरुजी काय म्हणाले ते सगळी पोरं माझ्याकडे पाहत विचारत होती, डोळ्यांनी. घंटेला दहा मिनिटं होती. मी हात खाली घेतला न् गप्प बसून राहिलो.